वाटीच्या तळाशी

मंगळवारी दुपारी, प्रयोगशाळेत चहा यायच्या वेळेला, डॉ. विहंग खोब्रागडेला त्याने स्वतः बांधलेल्या यंत्राकडून एक पत्र आलं. पत्र फार सभ्य होतं. ‘आपली पाल्य कु. रेवा, इयत्ता आठवी, जादा भाषा जॉर्जियन. सलग तीन महिने गुणांत घट आढळल्यामुळे पाल्यास या विषयातून मुक्त करण्याची शिफारस करण्यात येत आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

“शुभेच्छा कोणी घातल्या ह्यात?” विहंगने विचारलं.

“तूच,” डॉ. शाल्मली तांदळे म्हणाली. “मागच्या दिवाळीत. पत्र फार कोरडं वाटतं म्हणालास.”

शाल्मली पुण्याच्या या अध्ययनशास्त्र प्रयोगशाळेची प्रमुख होती. वय एक्कावन्न, चष्मा कपाळावर आणि शोध टेबलावर, असा तिचा बराचसा दिवस जायचा. विहंग तिच्याकडचा संख्याशास्त्रज्ञ, मूळचा चंद्रपूरचा. दोघांनी मिळून बारा वर्षांपूर्वी प्रमाददर्शक बांधला होता. उत्तर बरोबर की चूक हे कोणतंही यंत्र सांगतं. हे यंत्र चुका वाचायचं आणि चुकणारा कुठवर पोचलाय ते सांगायचं. नक्कल करताना झालेली चूक वेगळी, घाईतली वेगळी आणि डोक्यात स्वतःचा एखादा नियम तयार करून त्याप्रमाणे ठामपणे केलेली चूक वेगळी. या तिसरीला त्यांनी नाव दिलं होतं, नियमजन्य चूक.

शिक्षण खात्याला यंत्र आवडलं, पण खात्याला चुकांत रस नव्हता. खात्याने त्याला गुणांचा आलेख जोडला आणि त्यातून ही ‘सुटका-शिफारस’ निघाली. मूल घसरलं की पत्र. आतापर्यंत ती नुसती शिफारस होती. शुक्रवारी समितीने शिक्का मारला की जूनपासून सक्ती होणार होती. म्हणजे जॉर्जियनमध्ये घसरलेल्या मुलीला जॉर्जियनच्या तासाला बसूच द्यायचं नाही.

“रेवा काय म्हणते?”

“सकाळीच शाळेत कळलं तिला. फोन आला होता. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.” विहंगने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. “म्हणते, बाबा, तुझ्याच मशिननं सांगितलं ना, मला येणार नाही म्हणून. मग ठीक आहे. ‘मग ठीक आहे,’ म्हणाली मॅडम. तेरा वर्षांची पोरगी.”

“आणि संख्याशास्त्रज्ञ काय म्हणतो?”

“संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, शिफारस बरोबर आहे. बारा वर्षांच्या नोंदी आहेत आपल्याकडे. तीन महिने घसरून पुन्हा वर आलेलं एकही मूल त्यात नाही. एकही.”

“आणि घसरलेल्या मुलांचं आपण काय केलं?”

“सोडवलं.”

“सगळ्यांना?”

“पत्र गेलं की पालक सोडवतातच. कोण थांबणार?” एवढं बोलून विहंग स्वतःच थांबला. चंद्रपूरकडचा शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघाला. “अरे बापा.”

घसरल्याबरोबर ज्याला बाहेर काढलं ते मूल वर येणार कसं? नोंदीत वर आलेलं मूल नव्हतं, कारण कोणाला खाली राहूच दिलं नव्हतं. बारा वर्षं ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आली असेल तर सभेत कोणी बोललं नाही.

“पण मॅडम,” विहंग सावरून म्हणाला, “ती वर आली असतीच हे तरी कशावरून?”

“रेवा लहानपणी ‘मी केलं’ म्हणायची?”

“म्हणायची की. दोन वर्षांची असताना. एकदम स्पष्ट.”

“आणि मग तीन वर्षांची झाल्यावर?”

विहंगला हसू आलं. “मग ‘मी करलं’ म्हणायला लागली. ‘मी करलं, बाबा जाला.’ माझी आई म्हणायची, पोरगी शहाणी होती, हिला काय झालं?”

“काही झालं नव्हतं. आधीचं ‘केलं’ ही ऐकलेल्याची नक्कल होती. ‘करलं’ हा तिने स्वतः शोधलेला नियम. चुकीचा, पण तिचा. पुढे वर्षभरात पुन्हा ‘केलं’ आलं, ते पक्कं. आधी बरोबर, मग चूक, मग बरोबर. गुण मांडलेस तर रेघ वाटीसारखी दिसेल. एक काठ, मग तळ, मग दुसरा काठ. आपलं यंत्र पहिला काठ उतरणाऱ्या मुलाला बघतं आणि म्हणतं, हा पडला.”

“हे मातृभाषेचं झालं. तेराव्या वर्षी, शाळेत शिकलेल्या परक्या भाषेत वाटी असते हे कोणी पाहिलंय?”

“मी पाहिलंय,” शाल्मली म्हणाली. “तळाशी दीड वर्ष बसले होते.”

विहंगने कागद पुढे ओढला. “ते मनोगत झालं मॅडम, समितीला पुरावा लागेल. घसरलेले, तरी न सोडलेले, आणि पूर्ण नोंदी असलेले विद्यार्थी. यंत्र यायच्या आधीचे. वर येणं न येणं नुसतं नाणेफेकीसारखं आहे असं समितीने धरलं, तर सहा जण ओळीने वर येण्याची शक्यता चौसष्टात एक. समितीचा नियम आहे, योगायोगाची शक्यता शंभरात एकपेक्षा कमी पाहिजे. चौसष्टात एक चालत नाही. सात जण आले तर एकशे अठ्ठावीसात एक. ते चालतं. सात पाहिजेत.”

“माझ्या वर्गात आम्ही सहा होतो,” शाल्मली म्हणाली.

*

अडतीस वर्षांपूर्वी सरकारने जादा भाषेची योजना आणली तेव्हा कानात घालायचे कर्णदुभाषे नुकतेच स्वस्त झाले होते. कोणीही कोणत्याही भाषेत बोलावं, कानात मराठी ऐकू यायचं. मग भाषा शिकायच्या कशाला, असं लोक विचारू लागले. डोक्याला व्यायाम म्हणून, असं सरकारने उत्तर दिलं आणि प्रत्येक शाळेला एक अवघड भाषा सोडतीने वाटली. शेजारच्या गावाला जपानी लागली, त्यांनी पेढे वाटले. शाल्मलीच्या विट्याजवळच्या शाळेला हंगेरियन लागली. मुख्याध्यापकांनी दोनदा चिठ्ठी उलटून पाहिली म्हणतात.

हंगेरियन शिकवायला मुजावर बाई उभ्या राहिल्या. शमीम मुजावर. त्या खरं म्हणजे शिवण शिकवायच्या. पण बाईंना हंगेरियन येते असं कळलं, कुठूनशी शिकल्या होत्या म्हणे, आणि शाळेने सुटकेचा श्वास सोडला.

बाईंनी ती भाषा शिवणासारखीच शिकवली. शब्दाला मागे एक तुकडा जोडायचा, त्याला आणखी एक. शिलाई चुकली की उसवायची आणि त्याच दोऱ्याने पुन्हा घालायची. वही तपासताना त्या फुली मारत नसत. शंकास्पद शब्दाखाली पेन्सिलीने एक ठिपका देत. ठिपका म्हणजे, इथे काहीतरी आहे, शोध. तीन-चार दिवसांनी वही पुन्हा मागायच्या आणि मग तिथे लाल शाईने लिहायच्या. वर्गात कोणी प्रश्न विचारला की लगेच उत्तर कधीच नाही. “उद्या सांगते. तुम्हीही विचार करून या, मीही करते.” आपल्याला विचार करायला लावणारी केवढी थोर शिक्षिका, असं शाल्मलीला तेव्हा वाटायचं. पुढे शास्त्रज्ञ झाल्यावर तर तिने या पद्धतीवर एक निबंधही लिहिला.

पहिल्या वर्षी एकेचाळीस मुलं होती. नववीत सहा उरली. पेपर जिल्ह्याहून तपासून यायचे. आठवीच्या सुरुवातीला शाल्मलीला पन्नासात अडतीस पडले, पुढे घसरत घसरत नववीच्या सहामाहीत अकरा. ती विषय बदलायचा अर्ज घेऊन बाईंकडे गेली.

“सही नाही करायची मी,” बाई म्हणाल्या.

“का बाई?”

“कारण तू आत्ता कुठे शिकायला लागलीयस.”

“बाई, मला अकरा पडलेत. पन्नासात.”

“तेच म्हणते मी.”

या एका वाक्यावर शाल्मलीने पुढची सगळी वर्षं काढली. हंगेरियनचा तिला रूढ अर्थाने काही उपयोग झाला नाही. फक्त एकदा, बुडापेस्टला परिषदेसाठी गेलेली असताना, तिने चहा मागवला. साध्या चार शब्दांत, कानात काही न घालता. वाढणाऱ्या म्हाताऱ्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या कानातला दुभाष्या काढून खिशात ठेवला आणि मग तो तिच्याशी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत बसला. त्याच्या गुडघ्याबद्दल, सुनेबद्दल. तिला निम्मंच कळलं. हॉटेलवर परतताना तिला मुजावर बाईंचे पाय धरावेसे वाटले होते. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिने बाईंचंच नाव घातलं होतं.

बुधवारी सकाळी ती विट्याला गेली. बाई आता ब्याऐंशीच्या होत्या. पाठ वाकली होती, नजर नव्हती वाकलेली.

“आलीस व्हय? वाळलीस गं. पुण्यात खायला घालत नाहीत का शास्त्रज्ञांना?”

सुनेने चहा आणि शिरखुर्मा दोन्ही आणलं. शाल्मलीने सगळी हकिगत सांगितली. समिती, वाटी, रेवा. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. वाटीचं ऐकताना त्यांनी दोनदा मान हलवली.

“बाई, आमच्या वह्या तुम्ही ठेवल्यात असं मागे म्हणाला होतात.”

“आहेत की. तिन्ही वर्षांच्या. सहाही जणांच्या.” त्या उठल्या नाहीत. “तुझं यंत्र वहीतलं काय काय वाचतं?”

“सगळंच. जे जे हाताने लिहिलंय ते.”

“पेन्सिल?”

“पेन्सिल, शाई, सगळं.”

बाईंनी दुपट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, पुन्हा सोडलं. सुनेला हाक मारून कपाटाच्या वरच्या खणातली पिशवी काढायला सांगितली. पिशवी ब्लाउजपिसांचे तुकडे जोडून शिवलेली होती आणि चांगली जड होती.

“ने,” त्या म्हणाल्या. “पण परत आणून दे. मला लागतात.”

*

गुरुवारी सकाळी अकरापर्यंत प्रमाददर्शकाने अठरा वह्या वाचून काढल्या. विहंगने आलेख पडद्यावर घेतले आणि खुर्ची मागे सरकवून बसला.

“वाटी आहे,” तो म्हणाला. “बघा. पहिला विद्यार्थी. दुसरा. तिसरा. हा चौथा तुम्ही, काय खोल गेलात मॅडम! पाचवा, सहावा. प्रत्येकाचे गुण घसरलेत, घसरताना नियमजन्य चुका वाढल्यात, आणि दहावीत प्रत्येक जण पहिल्यापेक्षा वर आलाय.”

“सहा.”

“सहा. चौसष्टात एक.” दोन दिवसांत त्याने बत्तीस शाळांना फोन केले होते. जुन्या वह्या सगळीकडे रद्दीत गेल्या होत्या. “रेवाला काय सांगू? एका विद्यार्थ्यावाचून राहिलं म्हणून?”

त्याने अहवाल बंद करायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

“मॅडम, यंत्र गंडलंय. इथे खाली बघा. ‘अध्ययनार्थी संख्या: सात.’”

“सहाच होतो आम्ही.”

“तुमच्या वर्गात चुकून कोणी बसत होतं का? शिपाई वगैरे?” त्याने सातवा आलेख उघडला. तीही वाटीच होती. सुरुवातीला जवळजवळ पूर्ण बरोबर, मग एकदम घसरण, नववीभर तळ, दहावीच्या दिवाळीपासून चढ आणि शेवटी सहाही जणांच्या वर. “ह्याचं लेखन सहाही वह्यांत विखुरलंय. थोडं थोडं. एकच हस्ताक्षर.”

शाल्मलीने चष्मा कपाळावरून खाली घेतला. पडद्यावर सातव्याच्या लेखनाचे नमुने एकाखाली एक येत होते. सगळे लाल होते.

“ही बाईंची शाई,” ती म्हणाली. मग विहंग हळूच म्हणाला, “यांना हंगेरियन येत नव्हती.”

“नाही.”

“सुरुवातीचं बिनचूक लेखन यंत्राने नक्कल म्हणून वेगळं काढलंय. घरी कुठल्यातरी यंत्राला विचारून तपासलं असणार. पण दोन महिन्यांनी ते बंद होतं आणि पुढचं सगळं स्वतःचं. मॅडम, यांनी तुमची बरोबर वाक्यंही चूक म्हणून दुरुस्त केलीत. इथे, इथे, इथे. आणि महिन्याभराने आपलीच दुरुस्ती खोडलीय.”

उसवून पुन्हा घातलेली शिलाई तिला स्पष्ट दिसत होती. आपण निबंध लिहिला होता तोही आठवला.

“एक कळत नाही,” विहंग म्हणाला. “शिक्षक न येणारा विषय शिकवतो तेव्हा एक धडा पुढे असतो. हे तर मागे आहेत. चौथ्या आलेखाच्या, म्हणजे तुमच्या, बरोबर आठ-नऊ दिवस मागे. तुमची घसरण, मग यांची. तुमचा चढ, मग यांचा. हे काहून?”

“माहीत नाही.”

“बरं. पण सात झाले.” तो हे जपून म्हणाला. “यांना धरलं तर सात. एकशे अठ्ठावीसात एक. नावानिशी द्यावं लागेल, समिती निनावी नोंद घेत नाही.”

म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या बाईंबद्दल उद्या भरल्या सभेत सांगायचं, की न येणारी भाषा येते म्हणून सांगून त्यांनी नोकरी राखली. आणि सांगितलं नाही तर रेवाला, आणि रेवासारख्या कितीतरी जणांना, जूनपासून दार बंद. शाल्मलीने अहवाल मिटला.

“मी विचारते त्यांना,” ती म्हणाली. “नाही म्हणाल्या तर सहा.”

विहंगने मान हलवली. बाप म्हणून त्याला काय वाटत होतं ते त्याने बोलून दाखवलं नाही, आणि त्याबद्दल शाल्मलीला त्याचे उपकार वाटले.

*

“सापडलं वाटतं,” पडद्यावर येताच बाई म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत होतं सापडणार.”

“शाई पण वाचतं म्हणालीस ना.” त्या पाणी प्यायल्या. “तेव्हा मी अतिरिक्त ठरले होते बघ. शिवणाचे तास बंद झाले, जतला बदली येत होती. इकडे सासूबाई अंथरुणावर. साहेबांनी विचारलं, हंगेरियन कोणाला येते का? मी हात वर केला. वर गेल्यावर मलाच कळलं की गेलाय.”

शाल्मली हसली.

“पहिले दोन महिने घरी यंत्राला विचारून वह्या तपासल्या. एकदम बिनचूक. मग एकदा फळ्यापाशी उभी होते, तू काहीतरी विचारलंस, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. दोन महिने बरोबर लिहीत होते गं, आणि आत सगळं कोरं. त्या संध्याकाळी ते यंत्र पोराच्या दप्तरात टाकलं नि सांगितलं, मला देऊ नको.”

“मग शिकलात कशा?”

“तुमच्या वह्यांवरून. आणखी कशावरून?”

“आमच्या वह्या तर चुकांनी भरलेल्या होत्या.”

“म्हणूनच तर. पुस्तक नुसतं बरोबर काय ते सांगतं. ते तसं का, हे चुकल्याशिवाय दिसत नाही. मी एकटी किती चुकणार? तुम्ही सहा जण सहा वाटांनी चुकायचात. सहा वह्या मांडीवर घेऊन बसायची मी. हा असं का म्हणाला, ही असं का म्हणाली. त्या शिंद्याच्या पोराची वही वर्षभर काही कामाची नव्हती बघ. सगळं पाठ करायचा, सगळं बरोबर. त्यातून काय घ्यायचं? पण तू!” बाईंचा चेहरा उजळला. “तुझ्यासारख्या चुका कोणी करायचं नाही. दर आठवड्याला नवीन. ठाम. एक चूक घेतली की मला आठ दिवस पुरायची.”

आठ-नऊ दिवस. विहंगच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

“बाई,” शाल्मलीने सावकाश विचारलं, “माझ्या अर्जावर तुम्ही सही केली नाहीत.”

“नाही केली.”

“मी शिकतेय म्हणालात.”

“ते खरंच होतं. मला तेव्हा शास्त्र माहीत नव्हतं, पण शिवणात पाहिलं होतं. पोरगी स्वतःच्या डोक्याने बाही कापायला लागली की पहिल्या चार वाया जातातच.” बाई थांबल्या. “पण खरं सांगू का? ते अर्धंच खरं. तू गेली असतीस तर मी शिकले कोणाकडून असते? तुझ्या भल्याचं नंतर सुचलं. आधी मी घाबरले, की ही चालली.”

शाल्मलीने तोंडावर हात धरला. इतकी वर्षं ती समजत होती, की बाईंनी आपल्यात काहीतरी पाहिलं. पाहिलंच होतं. आपल्याला अभिमान वाटावा असं मात्र त्यात काही नव्हतं, आणि तरी तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

“प्रबंधावर माझं नाव घातलंस, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही मला,” बाई म्हणाल्या. “आभार मी मानायचे होते. लाजेनं राहून गेले. आता मानते.”

“बाई, असं काय बोलता!”

“बोलू दे. आणि नाव घाल माझं उद्या. पूर्ण घाल. शमीम दस्तगीर मुजावर. ते विचारतील खोटं का बोलली म्हणून. सांग, खोटं बोलले खरी, पण पुढे तीन वर्षं घालून ते खरं केलं.”

*

शुक्रवारी समितीत तसंच झालं. अध्यक्षांनी सातव्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, “या शिक्षिकेला ही भाषा येत नव्हती?”

“पहिल्या दिवशी नव्हती,” शाल्मली म्हणाली आणि बाईंचा निरोप शब्दशः वाचून दाखवला. कोणी हसलं, कोणी कागद चाळले. एका सदस्याने विचारलं, सातही जण एकाच वर्गातले, याने काय सिद्ध होतं? विहंग उठून म्हणाला, फार काही नाही. एवढंच, की आपण बारा वर्षं वाटीचा अर्धाच भाग मोजत होतो. आता मुलांना आत राहू द्या, मग मोजू. दोन तासांनी सक्तीचा ठराव तीन वर्षांसाठी बाजूला ठेवला गेला. शिफारशीची पत्रंही तोवर थांबली. शिक्षण खात्याच्या मानाने ही घाईच म्हणायची.

रेवाला मात्र पटवणं समितीपेक्षा अवघड गेलं. तळाशी असलेल्याला वाटी दिसत नाही, हे विहंगने आलेख काढून समजावलं. तिने आलेख नीट पाहिला आणि म्हणाली, “बाबा, ते सहा जण होते. मी एकटीच आहे. वर्गातले सगळे सुटले.”

त्याने ते सोमवारी शाल्मलीला सांगितलं. वह्या परत द्यायला विट्याला गेली तेव्हा तिने ते बाईंना सांगितलं.

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली, वह्या मोजल्या. अठरा भरल्या.

“जॉर्जियन म्हणजे कुठली गं?”

“काळ्या समुद्राकाठची. लिपीपण वेगळी आहे. वेलबुट्टीसारखी.”

“अवघड आहे?”

“फार.”

“पोरगी चुकते कशी? घाबरत घाबरत की ठाम?”

“विहंग म्हणतो, एकदम ठाम.”

बाईंनी सुनेला हाक मारली आणि चष्मा मागितला. “तिला म्हणावं, विट्याला एक म्हातारी जॉर्जियन शिकायला बसतीय. एकटीने जमायचं नाही तिला. दर शनिवारी तुझ्या वहीची पानं पाठव.” मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी बोट वर केलं. “आणि बापाला ताकीद दे. पाठवण्याआधी काही दुरुस्त करायचं नाही. बरोबर उत्तरांचा मला काही उपयोग नाही.”